शिवी देणारा मैदानाकडे बघत नाही, मागे बघतो

पोस्टच्या शेवटी तू विचारलंयस, ‘मीच जास्त मनाला लावून घेतेय का?’ आधी त्याचंच उत्तर देते. नाही. आता बाकीचं जरा निवांत बोलू, कारण असा प्रश्न मला दर सीझनला कुणीतरी विचारतंच, फक्त तू तो नीट मांडलास.

ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ही मुलगी भावाबरोबर आयपीएलच्या मॅचला गेली होती. मागच्या दोन रांगांत सात-आठ जणांचा घोळका, पहिल्या ओव्हरपासून समोरच्या टीमच्या बॉलरला त्याच्या बायकोवरून काहीबाही ओरडत होते, मग बाउंड्रीजवळच्या चीअरलीडर्सवर गाडी आली, आणि हिने मागे वळून बघितलं तर ‘मॅडम, आधी एलबीडब्ल्यू म्हणजे काय ते सांगा, मग बोलू’ सुरू झालं, एकाने मोबाईल काढून हिचा व्हिडिओ घेतला. भाऊ म्हणाला, सोड ना, मॅच बघ. दुसऱ्या दिवशी फॅन ग्रुपवर, १८० जणांचा ग्रुप, त्यात हिच्या ऑफिसमधले दोघं, त्याच बॉलरच्या बायकोचा एडिट केलेला घाणेरडा फोटो आला. हिने आक्षेप घेतला तर ॲडमिनने लिहिलं, वातावरण खराब करू नकोस, जमत नसेल तर लेफ्ट हो. आता हिला कळत नाहीये की मॅचला जाणं सोडावं का, तक्रार होते का, आणि अकरा वर्षांच्या भाचीला पुढच्या मॅचला न्यायचं कबूल केलंय त्याचं काय करायचं.

मी कोण ते सांगते म्हणजे माझं म्हणणं कुठून येतंय ते कळेल. शाळेपासून कबड्डी खेळले, मग पंच परीक्षा दिली, गेली १६ वर्षं तालुका आणि जिल्हा पातळीवर पंच म्हणून उभी राहते. त्याच्या जोडीला मोठ्या क्रिकेट मॅचेसना स्टँडमधल्या व्हॉलंटियर पोरापोरींची टीम सांभाळते, म्हणजे सीट दाखवणं, भांडणं सोडवणं, हरवलेली मुलं शोधणं, आणि तू लिहिलंस तसल्या तक्रारी ऐकणं. दोन कंपन्यांच्या पॉश समितीवर, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीवर, बाहेरची सदस्य म्हणून आहे. वकील नाही, त्यामुळे कायद्याचं सांगेन ते कामापुरतं. तू पोस्टमध्ये ताई म्हटलंयस म्हणून एकेरीत बोलते.

पहिलं म्हणजे आरडाओरडा हा प्रॉब्लेम नाहीये. हे मी मुद्दाम सांगते कारण तक्रार केली की लगेच ‘मग स्टेडियममध्ये काय भजन करायचं का’ असं ऐकवतात. मला स्वतःला गोंगाट आवडतो, माझा घसा दर मॅचनंतर बसतो. हुटिंग, घोषणा, कॅच सुटला की ‘जा घरी जाऊन गोट्या खेळ’, समोरच्या कॅप्टनला चिडवणं, हे सगळं खेळातलंच आहे आणि राहू दे. मी आमच्या व्हॉलंटियर पोरांना एक साधी खूण शिकवते, ओरडलेल्या वाक्यातून मॅच वजा करून बघा. ‘गोट्या खेळ’ मधून मॅच काढली तर काहीच उरत नाही. बॉलरच्या बायकोबद्दल जे ओरडले त्यातून मॅच काढ, सगळं तसंच्या तसं उरतं, कारण त्यात मॅच नव्हतीच. तुला विचारलेल्या एलबीडब्ल्यूचंही तेच. त्यांना उत्तर नको होतं, तुला तिथे बसायचा हक्क नाही एवढंच सांगायचं होतं. तू बरोबर उत्तर दिलं असतंस तर पुढचा प्रश्न आला असता, डीआरएसचा, डकवर्थ लुईसचा. एलबीडब्ल्यू माहीत असायची अट तिकिटावर छापलेली नसते, त्यामुळे ही परीक्षा द्यायलाच बसू नकोस.

आता मुख्य गोष्ट, आणि ही मी अनुभवातून सांगतेय. व्हॉलंटियरचं तोंड मैदानाकडे नसतं, प्रेक्षकांकडे असतं. मॅच आम्हाला मागून येणाऱ्या आवाजावरून कळते, सिक्स गेला की विकेट पडली. त्यामुळे तुला जे पाठीमागून ऐकू येतं ते मी समोरून बघते. आणि मी परत परत हेच पाहिलंय की घाण ओरडणारा माणूस ओरडल्यावर मैदानाकडे बघत नाही, मागे बघतो, बाजूला बघतो. मित्र हसले का ते बघतो. हसले की पुढचं वाक्य आणखी एक पायरी खाली उतरतं. नाही हसले तर तेच वाक्य एकदा परत म्हणून बघतो, थोडं जोरात, आणि मग पाणी पितो किंवा मोबाईल काढतो. म्हणजे बॉलर, त्याची बायको, चीअरलीडर, तू, यातलं कुणीच त्याचं गिऱ्हाईक नाही, त्याचं गिऱ्हाईक शेजारच्या सीटवर बसलंय.

आठ जणांच्या घोळक्यात ओरडणारा एक असतो, फार तर दोन. जोरात हसणारे दोन-तीन. उरलेले तीन-चार जण काय करतात ते बघ कधीतरी, एक जण चिप्सच्या पाकिटात हात घालून बसतो, एक जण उगाच स्कोअरबोर्डकडे बघतो, एक जण अर्धवट हसतो आणि लगेच आजूबाजूला कुणी बाई आहे का ते बघतो. त्यांना ते आवडलेलं नसतं. पण ग्रुपमधून बाहेर पडायची भीती असते, पुढच्या वेळी तिकीट काढताना आपल्याला विचारणार नाहीत, ‘बायकोचा गुलाम’ म्हणतील, अशी. मी सगळा भर या तीन-चार जणांवर देते. ओरडणाऱ्याला समजावण्यात मी आता वेळ घालवत नाही.

हे मला कुठे कळलं ते सांगते. एका तालुका स्पर्धेत, गावाचं नाव घेत नाही, रात्रीचा मुलींचा सामना होता. हॅलोजन लावलेले, मातीचं मैदान, आखलेल्या रेषेपासून हातभर अंतरावर पहिली रांग, आणि त्या रांगेत वीस-बावीस वर्षांची पोरं. चढाई करणारी मुलगी १७ वर्षांची, चांगली उंच, दोन वर्षं तिला बघत होते, बोनस घेण्यात, म्हणजे समोरच्यांच्या अंगणातल्या आतल्या रेषेपलीकडे पाय टाकून जादा गुण घेण्यात, तिचा हात, म्हणजे पाय, धरणारं कुणी नव्हतं त्या भागात. त्या दिवशी ती प्रत्येक चढाईआधी हाफ पँटची किनार खाली ओढत होती. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. चढाईला मिळतात ३० सेकंद आणि तिचे चार-पाच त्यातच जात होते, आणि आत गेल्यावर बोनस रेषेवर पाय लांब टाकतच नव्हती. मला आधी वाटलं लागलंय तिला कुठेतरी. मग मी त्या बाजूला सरकले आणि ऐकू आलं काय चाललंय ते. मांड्यांवरून. प्रत्येक पाऊल टाकलं की एक वाक्य आणि त्यावर हशा. वर निवेदकाकडे माईक, तोही ‘पब्लिक रंगात आलंय’ म्हणून पेट्रोल ओततोय.

मी शिट्टी मारून टाइम आउट घेतला आणि आयोजकांना सांगितलं, ही पहिली रांग उठवा, मगच सामना सुरू होईल. ते म्हणाले, ताई पोरं आहेत, करमणूक चाललीय, मुलींनी एवढं मनावर घ्यायचं नसतं. मी शिट्टी खिशात टाकली आणि खुर्चीवर जाऊन बसले. दहा-बारा मिनिटं काहीच झालं नाही, प्रेक्षक ओरडायला लागले, माझ्यावरच. मग त्याच रांगेच्या टोकाला बसलेले एक पासष्टीचे गृहस्थ उठले, काठी टेकत आले आणि ओरडणाऱ्या पोरापाशी न थांबता त्याच्या शेजारच्या पोरापाशी थांबले, तो बहुतेक त्यांचा पुतण्या होता, आणि एवढंच म्हणाले, ‘तू हसत होतास. ऊठ.’ तो उठला. त्याच्यामागे आणखी दोघं उठले. ओरडणारा एकटा उरला, दोन मिनिटं बसला आणि आपणहून मागे निघून गेला. कुणी त्याला हातही लावला नाही.

सामना परत सुरू झाला. त्या मुलीने पुढच्या चढाईलाही किनार ओढलीच, सवय लागली होती तोपर्यंत. त्याच्या पुढच्या चढाईला नाही ओढली, आणि बोनस घेतला.

तेव्हापासून मी ओरडणाऱ्याला सोडते आणि हसणाऱ्याला गाठते.

तू विचारलंयस की लोक असे वागतातच का. सगळं उत्तर माझ्याकडे नाही, पण एक धागा सांगते. आपल्याकडे पुरुषाला दुखवायचं असलं की शिवी आईवरून किंवा बहिणीवरून जाते. अंपायरने चुकीचं आउट दिलं की शिवी त्याच्या आईला, जिचा सामन्याशी काहीही संबंध नाही. लहानपणापासून मैदानाबाहेर उभं राहून हेच ऐकत पोरं मोठी होतात, बाई म्हणजे समोरच्या पुरुषाला फेकून मारायचा दगड, आणि नंतर तो दगड मारताना त्यांना काही वाटेनासं होतं. २०१६ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपच्या वेळी विराट कोहलीला जाहीरपणे लिहावं लागलं की त्याच्या अपयशासाठी अनुष्का शर्माला बोलणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे. २०२० च्या आयपीएलमध्ये चेन्नई कोलकात्याकडून हरली आणि धोनीच्या पाच वर्षांच्या मुलीला बलात्काराच्या धमक्या आल्या, त्यात गुजरातमधल्या मुंद्र्याचा १६ वर्षांचा मुलगा सापडला. २०२१ ला दुबईत पाकिस्तानकडून हरलो, धर्मावरून शिव्या खाणाऱ्या मोहम्मद शमीच्या बाजूने कोहली उभा राहिला, आणि धमकी आली कोहलीच्या मुलीला, जी तेव्हा वर्षाचीही नव्हती. मुंबई पोलिसांनी हैदराबादहून एका इंजिनिअरला अटक केली. २०२३ ला अहमदाबादची वर्ल्ड कप फायनल हरलो तर ऑस्ट्रेलियाच्या ट्रॅव्हिस हेड आणि ग्लेन मॅक्सवेल यांच्या बायकांच्या अकाउंटवर शिव्यांचा पाऊस, त्यातली मॅक्सवेलची बायको तर भारतीय वंशाची.

यात कोण सापडलं ते बघ. शाळकरी वयाचा मुलगा, शिकलेला इंजिनिअर. गुंड नाहीत. तुझ्या मागच्या रांगेत बसणारी, तुझ्या ऑफिसमध्ये काम करणारीच माणसं. म्हणून ‘असले लोक असतात, दुर्लक्ष कर’ हे मला पटत नाही. असले लोक कुठून बाहेरून येत नाहीत, आपल्या रांगेत हशा मिळतो म्हणून तयार होतात.

अजून एक उदाहरण मनात कायम असतं. जानेवारी २०२१, सिडनीची टेस्ट. प्रेक्षकांतून वंशद्वेषी शिव्या आल्या, मोहम्मद सिराज सरळ चालत कॅप्टन अजिंक्य रहाणेकडे गेला, रहाणेने अंपायरना सांगितलं, खेळ काही मिनिटं थांबला आणि सहा जणांना स्टँडमधून बाहेर नेलं. सिराजने तिथे स्वतः काही भांडण केलं नाही. त्याने योग्य माणसाला जाऊन सांगितलं आणि त्या माणसाने ‘सोड ना, बॉलिंग टाक’ म्हटलं नाही. मला वाटतं आपल्या रहाणेचं त्या दिवशीचं हे काम त्याच्या मेलबर्नच्या शतकाएवढंच मोठं आहे. तुझ्या बाबतीत रहाणेची जागा तुझ्या भावाची होती.

म्हणून भावाबद्दल बोलते. त्याच्यावर चिडू नकोस पण त्याला सोडूही नकोस. तो ‘सोड ना’ म्हणाला कारण त्याच्या डोक्यात दोनच पर्याय होते, गप्प बसणं नाहीतर मारामारी, आणि आठ जणांशी मारामारी करू नये हे त्याचं बरोबरच होतं. त्याला तिसरा पर्याय माहीत नव्हता. तो असा: भावाने मागे वळायचं, ओरडणाऱ्याकडे बघायचंच नाही, त्या गप्प बसलेल्या तिघाचौघांपैकी एकाकडे बघायचं आणि साध्या आवाजात म्हणायचं, ‘भाऊ, जरा सांग ना त्याला, घरचे आहेत सोबत.’ बस. आवाज चढवायचा नाही, शिकवायचं नाही. दहापैकी सहा-सात वेळा तो माणूस त्या मित्राच्या मांडीवर थाप मारतो, ‘ए बस कर रे’, आणि प्रकरण तिथेच थंड होतं. पुरुषाने पुरुषाला सांगितलेलं जास्त ऐकलं जातं, हे बरोबर नाही, पण आज असं आहे, आणि मॅचच्या मध्यात मी जे लागू पडतं ते वापरते. तू एकटी असशील किंवा मैत्रिणींबरोबर असशील तर हेच वाक्य बोलू शकतेस, फक्त मग मी म्हणेन की वाट बघू नकोस, एकदा सांगून थांबले नाहीत तर लगेच उठ.

उठून कुठे जायचं? ब्लॉकच्या तोंडाशी, जिन्यापाशी व्हॉलंटियर किंवा स्टुअर्ड असतो, जॅकेट घातलेला. त्याला ‘मागे काही लोक त्रास देतायत’ असं सांगू नकोस, त्यावर तो बिचारा काहीच करू शकत नाही, तिथे चार हजार लोक असतात. त्याला सांग, ‘एल ब्लॉक, रो १४, सीट २२ च्या आसपास, पिवळी टोपी.’ हे पाठ करून ठेव, ब्लॉक, रो, सीट, एक खूण. असा पत्ता मिळाला की आम्ही दोन मिनिटांत तिथे पोचतो आणि खूप वेळा नुसतं जाऊन त्या रांगेच्या टोकाला उभं राहिलं तरी पुरतं. नाही पुरलं तर सिक्युरिटी आणि पोलीस. तिकिटाच्या अटींमध्ये गैरवर्तन करणाऱ्याला बाहेर काढायचा अधिकार आयोजकांकडे साधारण ठेवलेला असतो, त्याला पैसेही परत मिळत नाहीत. आणि सीट बदलून मागायची लाज वाटू देऊ नकोस, आम्ही देतो. पण खरं सांगते, प्रत्येक ठिकाणी आमच्यासारखी टीम असेलच असं नाही. काही ठिकाणी स्टुअर्ड म्हणजे त्या दिवसापुरता आणलेला अठरा वर्षांचा पोरगा असतो, तो स्वतःच घाबरलेला. तेव्हा वेळ न घालवता सरळ गणवेशातल्या पोलिसाकडे जायचं, महिला पोलीस दिसली तर तिच्याकडे, नाहीतर ११२ ला फोन.

त्रास नुसता शब्दांचा आहे तोवर तुझ्यापुढे पर्याय आहेत. हात लागला, कुणी मागे मागे आला, गेटपर्यंत किंवा पार्किंगपर्यंत, तर तिथे मात्र समजावणं वगैरे काही नाही, थेट पोलीस. मॅच सुटल्यावरचा अंधारातला रस्ता मला स्टँडपेक्षा जास्त धोक्याचा वाटतो, म्हणून शेवटची ओव्हर सोडून आधी निघायचं की गर्दीबरोबर निघायचं हे आधीच ठरव. मी तरी गर्दीबरोबर निघ म्हणेन, तुरळक लोकांत अडकण्यापेक्षा ते बरं.

आता कायदा, कारण तू सरळ विचारलंयस की केस होते का. होते. १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आलीय. तिच्यात कलम ७९ आहे, बाईचा अपमान करायच्या हेतूने बोललेला शब्द, काढलेला आवाज, केलेले हावभाव, याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हेच जुनं ५०९. कलम ७५ मध्ये लैंगिक शेरेबाजी येते, एक वर्षापर्यंत. पाठलाग, तोही ऑनलाइनसकट, कलम ७८ मध्ये. हद्दीचं कारण सांगून तुला परत पाठवता येत नाही, स्टेडियम दुसरीकडे असलं तरी घराजवळच्या ठाण्यात झिरो एफआयआर घ्यावी लागते. तुझ्या व्हिडिओचं मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. उघड्यावर, स्टँडमध्ये बसलेल्या माणसाचा नुसता व्हिडिओ घेतला हा प्रत्येक वेळी गुन्हा ठरेलच असं नाही, त्यासोबत काय बोलले आणि पुढे त्याचं काय केलं यावर बरंच ठरतं. तो कुठे अपलोड झालेला दिसला तर लिंक आणि स्क्रीनशॉट घेऊन सायबर क्राइम पोर्टलवर टाक. याला हलकं समजू नकोस. २०१९ ला बंगळुरूच्या एका आयपीएल मॅचला एका मुलीवर टीव्हीचा कॅमेरा काही सेकंद थांबला, तिचं नाव घेत नाही, तिला पुरेसं सोसावं लागलंय, एका रात्रीत लाखो फॉलोअर्स आले आणि त्यांच्याबरोबर इतकी घाण आली की शेवटी तिला स्वतःला त्यावर लिहावं लागलं. ती फक्त मॅच बघत होती.

पण केस करावी का, हे मी सांगणार नाही. साक्षीदार कोण आहे, तो माणूस ओळखता येतो का, घरचे बरोबर आहेत का, ठाण्याच्या फेऱ्या मारायची तुझी तयारी आहे का, यावर ते ठरतं. अनोळखी माणसाने स्टँडमध्ये मारलेल्या शेऱ्यावर महिन्याभरानंतर केस उभी करणं अवघड जातं, हे खरं आहे. आणि केस न करणं म्हणजे हार मानणं असंही मी समजत नाही.

ग्रुपचं वेगळं आहे, तिथे पुरावा तुझ्या हातात आहे. लेफ्ट व्हायच्या आधी स्क्रीनशॉट घे, पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख, ग्रुपचं नाव दिसेल असे, चॅट एक्सपोर्ट करून ठेव, आणि मोबाईल रिसेट किंवा एक्स्चेंज करू नकोस, मूळ फोन लागतो. अश्लील मजकूर पसरवणं आयटी ॲक्टच्या कलम ६७ मध्ये येतं. ॲडमिनवर केस करता येते का असंही तू विचारलंयस. नुसता ॲडमिन आहे म्हणून नाही. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदियाच्या एका प्रकरणात हेच सांगितलं, आणि ते प्रकरण जवळपास तुझ्यासारखंच होतं, ग्रुपमधल्या बाईबद्दल एकाने घाणेरडं लिहिलं, ॲडमिनने त्याला काढलं नाही. कोर्ट म्हणालं, सगळ्यांचा मिळून आधीपासूनचा बेत होता असं दिसत नसेल तर दुसऱ्याच्या पोस्टसाठी ॲडमिन गुन्हेगार नाही. त्यामुळे ॲडमिनला कायद्याची धमकी देऊ नकोस, त्याच्याशी कायदा सोडून बोल.

कसं बोलायचं? ग्रुपवर नाही. ग्रुपवर त्याला १८० जणांसमोर माघार घ्यावी लागते, ती कुणी घेत नाही. आधी त्या १८० मधले दोन-तीन जण शोध, ज्यांनी त्या फोटोवर हसण्याचे इमोजी टाकले नाहीत आणि एरवी नीट बोलतात. त्यांना पर्सनल मेसेज कर, मला हे खटकलं, तुला काय वाटलं? तुझ्या लक्षात येईल की बऱ्याच जणांना खटकलं होतं. मग तिघांनी मिळून ॲडमिनला फोन करा, मेसेज नको, फोन, आणि एकच नियम मागा, खेळाडूंच्या घरच्या बायका-मुलांवर काही टाकायचं नाही. ‘बायकांचा आदर करा’ असं मोघम मागू नका, त्यावर सगळे हो म्हणतात आणि काहीच बदलत नाही. एक ठराविक नियम, मोडला तर एक आठवडा बाहेर. दोन फॅन ग्रुपना मी हे करायला लावलंय. एकात टिकलं. दुसऱ्यात नाही टिकलं, तिथल्या सहा जणी बाहेर पडल्या, स्वतःचा ग्रुप काढला, आता एकत्र तिकिटं काढून जातात. तुझा ग्रुप कुठल्या वळणाचा आहे ते तुलाच माहीत.

ऑफिसातले दोघं ही आणखी निराळी बाजू. त्यांनी तुझ्याबद्दल काही लिहिलं असेल, किंवा ती तिकिटं ऑफिसने काढलेली सहल असेल, तर ते पॉश कायद्यात बसू शकतं, समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करायची असते. त्यांनी फक्त ग्रुपवर हसून सोडलं असेल तर समितीपेक्षा चहाच्या वेळी समोरासमोर एक वाक्य बोललेलं बरं. हेही लक्षात घे की त्या कायद्यात स्टेडियम आणि क्रीडासंकुल यांचा कामाची जागा म्हणून स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे तिथे काम करणाऱ्या चीअरलीडर्स, अँकर, व्हॉलंटियर मुली, फिजिओ, पाणी विकणाऱ्या बायका, या सगळ्या कामावर असतात, आणि बाहेरून येणाऱ्या माणसांपासूनही त्यांना सुरक्षित ठेवणं मालकाची जबाबदारी आहे. चीअरलीडरवर ओरडणं हे कुणाच्या तरी ऑफिसात घुसून ओरडण्यासारखंच आहे. आमच्या व्हॉलंटियर पोरींना मी पहिल्या दिवशी हेच सांगते, तुम्ही इथे ड्युटीवर आहात, ऐकून घेणं ड्युटीत नाही.

थोडक्यात मी काय म्हणाले? ओरडणाऱ्याशी वाद नको, शेजारच्या गप्प बसलेल्याला पकड. तक्रार करताना ब्लॉक, रो, सीट, खूण. हात लागला किंवा पाठलाग झाला तर थेट पोलीस. ग्रुप सोडण्याआधी पुरावा.

आणि मॅचला जाणं सोडू नकोस. हे तुला बरं वाटावं म्हणून नाही म्हणत, मला स्टँडमध्ये फरक दिसतो म्हणून म्हणते. २०२३ ला डब्ल्यूपीएलचा, म्हणजे बायकांच्या आयपीएलचा, पहिला सीझन झाला, बायका-मुलींना प्रवेश फुकट होता, आणि नवी मुंबईतल्या डी वाय पाटील स्टेडियमच्या स्टँडमध्ये मी पहिल्यांदा असं पाहिलं की आज्या डबे उघडून बसल्यात आणि शाळेच्या मुली रांगा धरून ओरडतायत. ३० ऑक्टोबर २०२५ ला तिथेच महिलांच्या वर्ल्ड कपची ऑस्ट्रेलियाविरुद्धची सेमी फायनल, जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७, आणि मग २ नोव्हेंबरची दक्षिण आफ्रिकेविरुद्धची फायनल. गोंगाट इतका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मी प्रेक्षक म्हणून बसले होते, सवयीने तरी मागे वळून लोकांकडेच बघत होते. माझ्या ब्लॉकमध्ये एकाने दक्षिण आफ्रिकेच्या एका बॅटरवर काहीतरी घाण ओरडलं आणि नेहमीप्रमाणे मागे बघितलं. मागे एक बाप पोरीला खांद्यावर घेऊन उभा होता. तो हसला नाही. पुढचं वाक्य आलंच नाही.

म्हणजे मुलींनी येऊन स्टँड साफ करायचा असं मी म्हणत नाहीये, ते काम आपलं नाही. पण ज्या स्टँडमध्ये चार बायका बसतात तिथला हशा आपोआप आटतो, हे मी पाहिलंय.

भाचीला घेऊन जा. पहिलीच मॅच असेल तर शक्यतो दुपारची बघ, किंवा आधी एखादी महिलांची मॅच दाखव. जिन्याजवळच्या सीट घे, तिला मधे बसवा, एका बाजूला तू, एका बाजूला भाऊ. आत गेल्या गेल्या ब्लॉकच्या तोंडाशी उभ्या असलेल्या स्टुअर्डची तिची ओळख करून दे, ‘चुकलीस तर या ताईकडे यायचं.’ तिच्या हातावर पेनाने तुझा नंबर लिही. आणि जायच्या आधी घरी एकदा नीट बोल तिच्याशी, घाबरवू नकोस, एवढंच सांग की तिथे कुणी काही असं ओरडलं की तुला कसंतरी वाटलं, तर मला लगेच सांगायचं, बॉल चालू असला तरी. अकरा वर्षांच्या मुली सांगत नाहीत कारण त्यांना वाटतं आपल्यामुळे सगळ्यांची मॅच खराब होईल. तिला कळू दे की तिच्यापुढे मॅच दुय्यम आहे. भावालाही हे तिच्यासमोरच म्हणायला लाव.

मॅच कुठली ते ठरलं की मला मेसेजमध्ये कळव, इथे उघडपणे नको. त्या दिवशी आमची टीम तिथे असली तर कुठल्या गेटने यायचं आणि ब्लॉकवर कोण असेल ते मी तुला आदल्या दिवशी सांगते.